मायएसक्यूएल सुरू होत नसेल तर आधी टीएमपी तपासा

मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर उठत नाही म्हटलं की बहुतेकांचा हात बॅकअपकडे जातो, नाहीतर इनोडीबीच्या (त्याचा डेटा साठवणारा भाग) फोर्स रिकव्हरीकडे, म्हणजे बिघडलेला डेटा जबरदस्तीने उघडण्याकडे. माझी कळकळीची विनंती आहे, आधी एरर लॉग (सर्व्हरच्या चुकांची नोंदफाइल) उघडा. तात्पुरती फाइल तयार करता आली नाही, अशा अर्थाची ओळ तिथे असेल तर तुमचा डेटा बहुधा शाबूत आहे आणि दुखणं टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरचं आहे.

सर्व्हर उठतानाच इनोडीबीला टीएमपीडिर या सेटिंगमधल्या जागी काही छोट्या फाइली उघडाव्या लागतात. सेटिंग दिलेलं नसेल तर लिनक्सवर ही जागा सहसा /टीएमपी असते. फाइल उघडली नाही की सर्व्हर तिथेच थांबतो.

त्याच ओळीत एररकोड असतो. २ म्हणजे फोल्डरच नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २८ म्हणजे जागा संपली, ३० म्हणजे फाइलसिस्टिम रीड-ओन्ली झाली.

१३ दिसला तर /टीएमपीचा मोड (परवानग्यांचा आकडा) १७७७ आहे ना, ते पाहा. खरी डोकेदुखी जागा बदलल्यावर होते. नवीन डिस्कवर फोल्डर केलं, मालकी मायएसक्यूएल युजरला दिली, मोड ७७७ केला, तरी १३ हटत नाही. उबुंटूवर तिथे ॲपआर्मर (प्रोग्रॅमला ठराविक फोल्डरांपुरतं बांधून ठेवणारी सुरक्षा यंत्रणा) आडवा येतो. त्याच्या लोकल प्रोफाइलमध्ये नवा पाथ वाचण्या-लिहिण्याच्या परवानगीसह घालून प्रोफाइल रीलोड करा. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर अशीच अडवणूक एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा फोल्डरवरच्या लेबलमुळे करते. आणि मोड ७७७ ठेवू नका. मालकी बरोबर असली की ७०० पुरतो.

२८ फसवा आहे. डीएफ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) म्हणतं डिस्क शंभर टक्के भरली, एलएसने फाइलींची यादी काढली तर फोल्डर रिकामं! मायएसक्यूएल बऱ्याच तात्पुरत्या फाइली उघडून लगेच त्यांचं नाव पुसतो. फाइल उघडी असेपर्यंत जागा अडकलेलीच राहते. 'एलएसओएफ +एल१' चालवा, पुसलेल्या पण उघड्या फाइली आकारासकट दिसतील. मग प्रोसेसलिस्टमधून (चालू क्वेरींची यादी) मोठं सॉर्टिंग करणारी क्वेरी शोधून ती थांबवा, जागा मोकळी होते. डीएफमध्ये जागा शिल्लक दिसत असेल तर 'डीएफ -आय' करा. आयनोड (फाइलसिस्टिममधल्या फाइलींच्या नोंदी) संपले तरी हाच २८ येतो.

डेबियन १३ पासून /टीएमपी सहसा रॅममध्ये असतं, मर्यादा निम्म्या रॅमची. म्हणजे ८ जीबीच्या मशीनवर ५ जीबी बफर पूल (इनोडीबीने डेटासाठी राखलेली मेमरी) असेल आणि /टीएमपीत ४ जीबीपर्यंत फाइली चढल्या, तर कर्नल मेमरी मोकळी करायला मायएसक्यूएललाच मारू शकतो. एरर लॉगमध्ये कारण सापडत नाही, ते कर्नलच्या लॉगमध्ये असतं. लोक मात्र बफर पूल कमी करत बसतात.

उपाय असा: वेगळ्या पार्टिशनवर फोल्डर करा, कॉन्फिगमध्ये मायएसक्यूएलडी विभागात टीएमपीडिरला तो पाथ द्या आणि सर्व्हर रीस्टार्ट करा, चालू सर्व्हरवर हे सेटिंग बदलत नाही. कोलनने जोडून दोन पाथ देता येतात, पण ते आळीपाळीने वापरले जातात, त्यांची जागा एकत्र होत नाही. अडचण फक्त मोठ्या ऑल्टर टेबलची (टेबलची रचना बदलण्याची) असेल तर इनोडीबी-टीएमपीडिर त्या सेशनपुरतं बदला, रीस्टार्ट लागत नाही. तो पाथ डेटा डिरेक्टरीच्या आत मात्र चालत नाही.