पेरणी उरकून वारी

(खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. पुढच्या सतरंजीवर मुलं बसली आहेत आणि मागं भिंतीला टेकून त्यांचे आईवडील. प्रश्न पुढच्यांचा आहे, पण त्याचं उत्तर बहुतेक घरांत मागून येतं. म्हणून मी दोन्हीकडं बघून बोलणार आहे.

मी बेळगावात वाणिज्य शिकवते. शेवटचा पेपर झाला की दरवर्षी चार-पाच जण भेटायला येतात. 'मॅडम, लगेच कामाला लागू, की थोडं फिरून येऊ?' मी शिकवायला लागले तेव्हा हे कोणी विचारत नसे. गल्लीतला प्रश्न मात्र तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे: 'मग, आता काय करूलालास?' निकाल लागून आठ दिवस होत नाहीत तोवर पाण्याच्या नळावर, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत तो विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या प्रश्नाच्या धाकानं माणूस समोर येईल ती नोकरी धरतो. मीही तशीच धरली होती.

१९९७ साली मी बी. कॉम. झाले. तेव्हा आमची कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं २०१० साली. पदवीचा कागद हातात पडण्याआधीच मी एका पतसंस्थेत खतावणी लिहायला बसले. पगार चौदाशे रुपये. निम्मा आईच्या हातावर, थोडा बसच्या पासाला, उरलेला पोस्टात. सव्वा वर्षात सहा हजार साठले. तेव्हा मी वीस दिवसांची बिनपगारी रजा मागितली. साहेब म्हणाले, 'जायचं तर जा, पण परत यायची गरज नाही.' तीन रात्री झोप लागली नाही. चौथ्या दिवशी मी आणि माझी मैत्रीण हुबळीच्या गाडीत बसलो. नोकरी गेली ती गेलीच. पुढचे सात महिने दुसरी मिळाली नाही, आणि त्या सात महिन्यांत वडील माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. फिरण्याची किंमत काय असते हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं सांगते ते कुणाला गोडगोड वाटायला नको.

आम्ही लांब कुठं गेलो नाही. हुबळी, गदग, बदामी, पट्टदकल, हंपी. बदामीजवळच्या बनशंकरीला देवळाबाहेर बायका टोपलीत जोंधळ्याच्या भाकऱ्या, दही, चटणी घेऊन बसतात. त्यातल्या एका आज्जीनं विचारलं, 'यावूरव्वा?' म्हणजे कुठल्या गावची गं? माझं कन्नड म्हणजे शाळेत मार्कांपुरतं शिकलेलं. मी कसंबसं 'बेळगावी' म्हटलं. तिनं मला निरखून पाहिलं आणि मराठी ओळखलं. मला वाटलं, आता ही गप्प बसणार. तर ती पंढरपूरबद्दल बोलायला लागली. पाच वेळा जाऊन आली होती. 'विठ्ठल नम्म देवरु,' म्हणाली, विठ्ठल आमचा देव. आणि तिसरी भाकरी पानात घातली, पैसे दोनच भाकऱ्यांचे घेतले.

ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला 'कानडा' म्हटलंय, 'करनाटकु' म्हटलंय. भजनात मी ते शेकडो वेळा म्हटलं होतं. अर्थ उमगला तो त्या भाकरीपाशी. आपण सीमाभागातली माणसं. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपली गावं कुठल्या राज्यात असावीत हा प्रश्न उभा आहे, आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. ती महाराष्ट्रात यावीत या मागणीत माझे वडील होते, मीही आहे. पण भाषेचं आणि माणसाचं भांडण नाही, हे मला कुठल्या सभेत कळलं नव्हतं, ते घर सोडल्यावर कळलं. परत येताना माझं कन्नड सुटं झालं होतं, आणि आज मला पगार मिळतो त्यात त्या कन्नडचा वाटा आहे. म्हणून फिरायचं म्हटलं की सगळ्यांची नजर गोवा नाहीतर मनालीकडं जाते, तेव्हा मला वाईट वाटतं. लोंढ्याला गाडी बदलली की अर्धं जग सुरू होतं.

आता मुद्द्याकडं येते. काम आधी की प्रवास आधी? आपल्या घरांत याचं उत्तर कधीचं आहे. आपल्याकडं पावसाआधी कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी होते, भात उगवून वर येतं, आणि मग माणसं आषाढीला पंढरीची वाट धरतात. शेत पडीक टाकून कोणी वारीला जात नाही. आणि पेरलंय म्हणून वारी चुकवतही नाही. मागं कोणीतरी पाण्याकडं, भांगलणीकडं बघणारं असतं, आणि परत यायचा दिवस ठरलेला असतो. माझं सांगणं एवढंच आहे: काहीतरी पेरून जा. वर्षभर काम करा, स्वतःचे पैसे साठवा, मग जा. नाहीतर नोकरीचं पत्र हातात घेऊन रुजू होण्याआधीच्या मोकळ्या महिन्यांत जा. वडिलांच्या पैशानं, परतीची तारीख न ठरवता जाऊ नका.

हे मी नीतीचं म्हणून सांगत नाही, हिशेबाचं म्हणून सांगते. तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी शिक्षणासाठी कर्ज काढलं असेल. साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, म्हणून मुलांना वाटतं ते वर्ष फुकट आहे. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. तीन लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी असेल तर वर्षाला तीस हजार, महिन्याला अडीच हजार चढत जातात. तुम्ही डोंगरावर असा नाहीतर झोपलेले असा. ज्याच्यावर कर्ज आहे त्यानं आधी हे आकडे वहीत लिहावेत. आणि सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी आधी भरतीच बघावी. तिथली वयाची अट कुणाची वाट बघत नाही.

काका कालेलकर आपल्या बेळगाव-शहापूरच्या मातीत वाढलेले. हिमालयात पायी फिरलेला माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधीचं बघा. १९०७ साली फर्ग्युसनमधून बी. ए. झाले. १९०८ मध्ये बेळगावच्या गणेश विद्यालयात शिकवायला लागले. मग 'राष्ट्रमत' दैनिकात काम केलं, मग बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात. ती शाळा सरकारच्या रोषामुळं बंद पडली, तेव्हा १९१२ मध्ये ते हिमालयाकडं निघाले. म्हणजे चार-पाच वर्षं काम, मग हातातलं काम गेलं आणि तेव्हा वाट धरली. त्यानंतर १९१५ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि जन्मभराचं काम सापडलं. नोकरी जाणं म्हणजे सगळं संपणं, असं मानणाऱ्या घरांत ही गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या त्या सात महिन्यांत मला ती कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

परदेशाबद्दलही विचारतात. काम आणि प्रवास एकत्र करायच्या दोन सरकारी वाटा आहेत. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना: वय १८ ते ३०, हातात पदवी, सोडतीत नाव लागलं तर दोन वर्षांपर्यंत राहून काम करता येतं. वर्षाला तीन हजार जागा. खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात. ऑस्ट्रेलियानं २०२४ पासून भारतीयांसाठी अशीच सोडत सुरू केली, एक हजार जागांची. ब्रिटनच्या सोडतीत नाव घालायला पैसे पडत नाहीत. तेव्हा 'नंबर लावून देतो' म्हणून कोणी एजंट लाखभर मागू लागला तर सरळ उठून या. पासपोर्ट मात्र आत्ताच काढून ठेवा.

आता मागच्या रांगेशी बोलते. मुलगा पुण्याला, बेंगळुरूला कामाला निघाला की तुम्ही डबा बांधून देता. एका खोलीत सहाजण राहतात, तिथं काय खातात, कुणात बसतात, तुम्हाला ठाऊक नसतं, तरी तुमची ना नसते. मग तोच मुलगा पंधरा दिवस फिरायला जातो म्हणाला तर घरात सुतक का पडावं? आणि मुलीचं तर विचारूच नका. 'लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर फीर' हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतेय. माझ्या वर्गातल्या किती मुली नंतर फिरल्या, हे मला माहीत आहे. लग्नात भेटतात तेव्हा त्या हंपीचं विचारतात, आणि त्यांचे डोळे बघून मला पुढं बोलवत नाही. मुलीला पाठवा. दोघी-तिघी मिळून पाठवा, कुठं उतरणार तो पत्ता लिहून घ्या, रोज रात्री एक फोन ठरवा. पण पाठवा.

गेल्या महिन्यात एक मुलगा आला होता. बेंगळुरूच्या कंपनीचं पत्र मिळालंय, पण जॉइनिंग दोन महिने पुढं गेलंय. घरात नुसता बसला की गल्ली विचारते, बाहेर पडला की वडील. मी विचारलं, तुमच्या गावची दिंडी पायी जाते ना? म्हणाला, जाते, आजोबा जायचे. म्हटलं, मग या वर्षी त्यांच्या जागी तू चाल. तो काही न बोलता गेला. परवा त्याच्या आईचा फोन आला. दशम्या किती दिवस टिकतात, आणि बरोबर चादर एक द्यावी की दोन, एवढंच तिला विचारायचं होतं.