प्लॉट वैशाखात बघू नका

नमस्कार. मागं उभे आहेत त्यांना कुणीतरी खुर्च्या द्या, मी थांबते.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘मुलं वाढवायला सांगली-मिरजेचं कुठलं उपनगर?’ आणि माझ्या नावापुढं ‘निवृत्त भूगोल शिक्षिका’. त्यामुळं निम्मी मंडळी पूररेषेबद्दल ऐकायला आलीत आणि निम्मी ‘बाई, विश्रामबाग घेऊ का कुपवाड?’ एवढंच विचारायला. दोघांनाही सांगणार आहे, पण माझ्या क्रमानं. साडेसातला हा हॉल भजनी मंडळाला द्यायचाय अशी चिठ्ठी आत्ताच माझ्या हातात दिलीय. म्हणजे बोलायला सुरुवात करायच्या आधीच घंटा झाली.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. जागा बघायला जायचं ते आषाढात, सकाळी साडेसहाला, आणि बरोबर शाळेत जाणारं पोर घेऊन. आपण काय करतो? वैशाखात जातो. मुलांना सुट्टी असते, पाहुणे आलेले असतात, संध्याकाळी उन्हं उतरली की दोन स्कूटरवर सहाजण निघतात. त्या वेळेला वारा सुटलेला असतो. सांगलीत मे महिन्यात संध्याकाळी सहानंतर कुठंही उभं राहिलं तरी जागा आवडते. स्मशानाशेजारीसुद्धा आवडेल.

हे शहाणपण मला कुठून आलं ते सांगते. घरची मंडळी समोर बसलीत, त्यांनी हे चाळीसदा ऐकलंय, त्यांनी आपापले मोबाइल बघावेत.

१९९४ चा मे. आम्ही गावभागात भाड्यानं राहत होतो, दोन खोल्या, नळ खाली. मुलगा दुसरीत जाणार होता. यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, शंभर फुटी रस्त्याच्या पलीकडं प्लॉट पडलेत, दीड गुंठ्याचे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तर दीड गुंठ्यात सोळाशेच्या वर जागा झाली. दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाला सोळाशे फूट म्हणजे राजवाडाच. गेलो बघायला. प्लॉटवाला पांढऱ्या बुटात. त्यानं चुन्याच्या फक्कीनं रेघा मारून ठेवल्या होत्या, आम्हाला कोकम सरबत दिलं आणि म्हणाला, “बाई, हवा बघा, हवा! दोन वर्षांत इथं डांबरी होतोय.” मी हवा बघितली. आमचं पोर मात्र जमीन बघत होतं. भेगा पडल्या होत्या, आणि त्याचा रबरी चेंडू एका भेगेत गेला तो गेलाच. त्यानं काडी घातली, मग हात घातला, कोपरापर्यंत आत. चेंडू काही मिळाला नाही. प्लॉटवाल्यानं त्याला दहा रुपये दिले नव्या चेंडूला. आम्हाला वाटलं, काय दिलदार माणूस!

आता तुम्ही म्हणाल, अहो तुम्ही भूगोलाच्या बाई ना? होय. त्याच वर्षी मी वर्गात काळी मृदा शिकवली होती. बेसॉल्ट झिजून तयार झालेली, ओलावा धरून ठेवणारी, कापसाला उत्तम. पुस्तकात एवढंच होतं. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तर त्या भेगा, हेही मला माहीत होतं. पण हे सगळं कापसाच्या धड्यात होतं, घराच्या धड्यात नव्हतं. कोपरापर्यंत हात जाणारी भेग समोर असताना मी साठेखतावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, सही केली. प्लॉट एनए म्हणजे बिगरशेती नाही, ले-आउट मंजूर नाही, सातबाऱ्यावर आमच्याबरोबर आणखी कितीतरी नावं. मंजुरीशिवाय शेतजमिनीचे असे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे विकायचे, ती गुंठेवारी. हा शब्द तेव्हा सांगलीत शिवी नव्हता, स्वप्न होतं.

घर बांधलं. गवंडी म्हणाला, पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागेल. आम्ही म्हणालो, कशाला एवढा खर्च? पहिल्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली. मुलगा तिच्या टोकाला पेन्सिलनं तारीख लिहायचा. गणपतीला इथंपर्यंत, दिवाळीला इथंपर्यंत. उन्हाळ्यात ती आणखी रुंदावायची, पावसात जरा मिटायची. भिंत श्वास घेते म्हणायचा. आज तो बांधकाम खात्यात असता तर मी हे दैव म्हटलं असतं, पण तो पुण्यात कॉम्प्युटरवर असतो.

चिरेचं काही नाही, चिरेवर कॅलेंडर लावता येतं. चिखलाचं काय करायचं? ज्यांनी काळ्या रानातला चिखल तुडवलाय त्यांना सांगायला नको. तो नुसता लागत नाही, तो जमतो. दहा पावलांत चपलेचं वजन किलोभर होतं, विसाव्या पावलाला अंगठा तुटतो. शाळेच्या रिक्षाचे काका पहिल्या पावसानंतर म्हणाले, “बाई, कोपऱ्यापर्यंत येतो, आत येत नाही.” आमच्या घरापासून कोपरा तीनशे पावलं. मुलाला खांद्यावर घ्यायचं, दप्तर पोटाशी, छत्री हनुवटीत धरायची. कोपऱ्यावर एक किराणा दुकान होतं. त्या दुकानदारानं बाकाखाली आमच्या सगळ्यांच्या चपला ठेवून घेतल्या होत्या. चिखलातून अनवाणी यायचं, त्याच्या नळावर पाय धुवायचे, बाकाखालचे बूट घालायचे आणि माणसात यायचं. चौदा घरांची पायताणं. लहान मुलांचे बूट सारखेच काळे, म्हणून त्यानं तळव्याला खडूनं आद्याक्षरं लिहिलेली. पावसाळाभर रोज संध्याकाळी तो ती पुन्हा गिरवायचा, कारण चालून पुसायची. त्या माणसानं आमच्याकडनं एक पैसा जादा घेतला नाही. आम्ही मात्र किराणा त्याच्याकडचाच भरायचो, तांदूळ जरा महाग पडायचा तरी.

(हशा)

हसा, हसा. डांबरी व्हायला दोन नाही, अकरा वर्षं लागली. १९९८ ला सांगली, मिरज, कुपवाड तिन्ही गावांची मिळून महापालिका झाली, २००१ ला गुंठेवारीचा कायदा आला, आम्ही शुल्क भरून घर नियमित करून घेतलं. कागद सरळ झाले. पण मुलाची शाळेची वर्षं त्याच चिखलात गेली. त्याच्याकडं कधी मित्र खेळायला आले नाहीत. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कुठल्या आईनं पाठवावं? वाढदिवस ऑगस्टात. एका वर्षी नऊजणांना बोलावलं, दोघं आले, आणि त्यातला एक शेजारचाच. जागा निवडताना हा हिशेब आम्ही केलाच नव्हता. दर फुटाचा केला होता.

हे सांगताना मी फार वेळ घेतला, चिठ्ठीवाले हात दाखवतायत. एक गोष्ट मध्येच सांगते, ती सोडवत नाही. हरिपूरची हळदीची पेवं तरुण मंडळींपैकी किती जणांनी बघितलीत? चार हात. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं, त्यात हळद भरून वर माती लिंपायची. वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची, ना कीड ना ओल. उघडल्यावर आतली वाफ जाऊ द्यायची, कंदील खाली सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. हे सगळं कशावर? माती ओळखण्यावर. नदी हाकेवर, कृष्णा-वारणेचा संगम गावातच, आणि तरी पाणी न झिरपणारी माती कुठं आहे हे त्या लोकांना नेमकं ठाऊक. मी ही गोष्ट फार वर्षं अशीच सांगत आले, ‘आपले पूर्वज किती शहाणे’ म्हणून. मग २००५ चा पूर आला आणि त्या पेवांत पाणी शिरलं. माती तीच होती, नदी बदलली होती. तेव्हापासून मी जुन्या माणसांना विचारा असं सांगते, पण त्यांचंच ऐका असं सांगत नाही.

आता पूर. आपल्याकडं पोर बोलायला लागलं की आई-बाबानंतर ‘आयर्विनला किती?’ शिकतं. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, १९२९ चा, तिथं पाण्याची पातळी मोजतात. इशारा ४० फुटांवर, धोका ४५ वर. २००५ ला ५३ च्या पुढं गेलं, २०१९ ला ५७ च्या पुढं, २०२१ ला पुन्हा पन्नाशी ओलांडली. खालच्या अंगाच्या अलमट्टी धरणाचा विषय आज काढणार नाही. काढला तर भजन उद्या करावं लागेल.

२०१९ नंतर प्लॉट विकणाऱ्यांनी नवं वाक्य शिकलंय, “एकोणीसला इथं पाणी नव्हतं.” बऱ्याच ठिकाणी ते खरं असतं. पण तुम्ही पुढचा प्रश्न विचारा: इथून बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर होतं का? घर कोरडं आणि दूध, दवाखाना, शाळा सगळं पाण्यापलीकडं, असे आठवडे काढलेली माणसं या हॉलमध्ये आहेत. सांगलीत पूर दारातून येत नाही. नदी फुगली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि मागच्या अंगणात उगवतं. म्हणून नदी किती लांब आहे हे विचारण्याआधी नाला किती लांब आहे ते विचारा. आणि नाला दिसत नसेल तर जास्तच विचारा, तो बुजवलेला असतो.

पूररेषेचा नकाशा बघाच. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून लोक निवांत होतात, २०१९ ला आला म्हणजे आता २११९ ला बघू. तसं नसतं हो. निळ्या रेषेवरच्या घराला दर वर्षी शंभरात चार एवढी शक्यता. पोर पहिलीत गेल्यापासून बारावी होईपर्यंत बारा पावसाळे. मांडून बघा, या बारांत निदान एकदा पाणी येण्याची शक्यता शंभरात एकोणचाळीस निघते. शंभरात एकोणचाळीस नापास होणार म्हटलं तर तुम्ही त्या शाळेत पोर घालाल का?

किती वाजले? सात वीस. बरं, म्हणजे ज्याच्यासाठी बोलावलंत ते दहा मिनिटांत.

विश्रामबाग. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ चं, दोन्ही सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर. नदीकाठची गाळाची मळी पिकाला ठेवायची आणि माणसांनी माळावर जायचं, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. जागा चांगली, परवडत असेल तर घ्या. पण मिरज रस्ता ओलांडून शाळेत जावं लागणार असेल तर तो रस्ता सकाळी सात वाजता एकदा पोराचा हात धरून ओलांडून बघा. चारचाकीत बसून तो कळत नाही.

मिरज. म्हातारी माणसं बरोबर असतील तर माझं मत मिरजेला. मिशनरी डॉक्टर वॉनलेसांनी १८९४ ला दवाखाना काढला तेव्हापासून ते डॉक्टरांचं गाव आहे, आणि वर जंक्शन. मुलं पुण्याला गेली तरी रेल्वेनं घरी येतात.

कुपवाड. माळरान, पुराची भीती कमी, दर अजून आवाक्यात. एमआयडीसीचे ट्रक कुठल्या रस्त्यानं जातात तेवढं बघा, आणि पाणी किती दिवसाआड येतं ते शेजारच्या बाईला विचारा. बाईलाच. पुरुषांना माहीत नसतं.

माधवनगर, बुधगाव, हरिपूर ही ग्रामपंचायतीत. घरपट्टी कमी. ड्रेनेज नाही म्हणजे शोषखड्डा आलाच, आणि काळ्या रानात पाणी शोषलं जात नाही, हे मघाच्या चिखलाच्या गोष्टीवरून कळलं असेल. सांगलीवाडीची माणसं फार चांगली, माझी एक मैत्रीण तिथलीच. पण येणं-जाणं पुलावर, आणि पुलाचं काय ते तुम्हीच जाणता.

कागद: सातबारा, एनए आदेश, मंजूर ले-आउट. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठा ले-आउट असेल तर दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती नकाशात बोटानं दाखवायला सांगा, मग प्रत्यक्ष तिथं नेऊन उभं करायला सांगा. कधी कधी तिथं ट्रान्सफॉर्मर असतो, कधी कुणाची म्हैस. म्हैस असली तर उलट बरं, जागा निदान मोकळी आहे.

आणि दुकान. कोपऱ्यावर पायी जाता येईल असं एक दुकान हवंच. का ते सांगितलंय.

हार्मोनियम आली वाटतं. या, या, बसा, मी उठतेच. प्रश्न असतील ते बाहेर चहापाशी विचारा. आणि कुपवाडच्या प्लॉटचे कागद बरोबर आणलेत म्हणणारे ते दांपत्य कुठं गेलं? थांबा जरा, चष्मा पिशवीत आहे.