सुटकेसमधली काडी

[दृश्य : पिंपळगावजवळची बाग, घड उतरवणं सुरू]

फेब्रुवारी-मार्चात निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात कुणालाही विचारा. युरोपात जाणाऱ्या द्राक्षात कुठल्या औषधाचा किती अंश चालतो, तोंडपाठ असतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशापायी आपला माल तिकडे अडकला, तेव्हापासून हा अभ्यास पक्का झालाय. माल बाहेर पाठवायचे नियम पाठ. बाहेरून काही आणायचे मात्र बॅग भरतानाही आठवत नाहीत.

परदेशातल्या बागा बघायला गेलं की नवी जात भुरळ घालते. टपोरा मणी, विरळणीची कटकट कमी. छाटणीतल्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, की झालं! काडीवरचा डोळा जिवंत राहतो, घरी डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या बुंध्यावर, कलम बसतं.

द्राक्षाच्या काडीवर कुठं बंदी आहे? खरंच नाही. गोम पुढेच आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात ‘प्रतिबंधित माल’ याची व्याख्या वाचा. ज्या अटींवर वस्तू आणता येते त्या अटी पाळल्या नाहीत, तर तीच वस्तू प्रतिबंधित ठरते. म्हणजे बंदी काडीवर नाही, कागद नसलेल्या काडीवर आहे.

कागद कुठले, ते २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशात, म्हणजे बाहेरून येणाऱ्या रोपा-बियाण्यांच्या नियमांत आहे. काडी निघण्याआधी आपल्याकडचा आयात परवाना. ज्या देशातून निघाली तिथलं फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचं प्रमाणपत्र. उतरल्यावर तपासणी, आणि मग लागवड थेट बागेत नाही. आधी वेगळ्या जागी, देखरेखीखाली. यातलं एक जरी कमी असेल तर काडी परत जाते किंवा नष्ट होते. आणणाऱ्याला दंड होऊ शकतो तो वेगळाच.

फवारणीच्या ड्रोनचं उलटं आहे, तिथे बंदी वस्तूवरच. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आणायला बंदी, संशोधन-संरक्षण-सुरक्षेचे अपवाद सोडून; सुटे भाग मात्र खुले.

[दृश्य : खुंटावरच्या कलमाचा जोड, जवळून]

चार काड्यांसाठी एवढं कशाला? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा ही मुळांवर जगणारी बारीकशी कीड फ्रान्सात पोचली. बागांमागून बागा वाळल्या. शेवटी त्या कीडीला दाद न देणारे अमेरिकन खुंट मागवून त्यावर कलमं बांधावी लागली. आपला डॉगरिजही मूळचा तिकडचाच.

[दृश्य : मुंबई विमानतळ, लाल आणि हिरवी वाट]

कस्टम्सच्या घोषणापत्रात ड्रोन आणि सॅटेलाइट फोनच्या पंगतीतच बियाणं आणि रोपंही बसलेली असतात. बॅगेत काडी असेल, तर वाट लाल, म्हणजे सामान जाहीर करणाऱ्यांची.