पंचवीस हजार क्लिकांचा कौल

कौल म्हटलं की कोकणात देवळातला कौल आठवतो. गुरव देवाला कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पडते की डावी हे सगळा गाव समोर बसून बघतो. बातम्यांच्या संकेतस्थळांनी बातमीखालच्या होय-नाहीच्या मतदानासाठी शब्द तोच उचलला: 'जनतेचा कौल, ६० टक्के म्हणतात होय.' इथे कळ्या कोणी लावल्या आणि किती वेळा, हे मात्र कुणालाच दिसत नाही.

लबाडीकडे नंतर येऊ, आधी प्रामाणिक मतांचंच बघू. समजा, एका संकेतस्थळाचे १० लाख वाचक आहेत आणि एखाद्या प्रश्नावर ते बरोबर निम्मे-निम्मे वाटले गेलेत. चिडलेल्या माणसाचं बोट बटणाकडे लवकर जातं. म्हणून 'होय'वाल्या ५ लाखांतल्या ३ टक्क्यांनी मत दिलं, 'नाही'वाल्या ५ लाखांतल्या २ टक्क्यांनी. झाले १५,००० विरुद्ध १०,०००. पडद्यावर उमटतं ६०-४०. कुणी खोटं बोललं नाही, कुणी दोनदा मत दिलं नाही, तरी निम्म्याचे साठ झाले. आता वाचक दहापट करा. मतं अडीच लाख होतील, आकडा तोच राहील, ६०-४०. फक्त तो आता जास्त भारदस्त दिसेल.

मतं वाढली की चूक घटते, हे खरं. पण चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या माणसांपुरतंच. तिथे हजार जणांत चूक साधारण ३ टक्के इकडे-तिकडे होते. आपणहून आलेल्यांना हा हिशोब लागूच पडत नाही. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. पत्ते बरेचसे टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले, म्हणजे बरेचसे खात्यापित्या घरांचे, तेही मंदीच्या काळात. २३ लाखांवर उत्तरं आली आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं छापून आलं. प्रत्यक्षात अध्यक्ष रूझवेल्टच ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्या मानाने मूठभर लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता.

पाहणी करणाऱ्या संस्था वय, शिक्षण, गाव की शहर हे विचारून घेतात, जनगणनेशी ताडतात आणि जो गट कमी आला त्याच्या उत्तरांना जास्त वजन देतात. हे काम ऑनलाइनही करता येतं. पण बातमीखालच्या बटणाला तुमचं वय ठाऊक नसतं, मग वजन देणार कशाला?

आता लबाडी. बहुतेक ठिकाणी 'तुम्ही मत दिलं आहे' ही आठवण ब्राउझरमधल्या कुकीत, म्हणजे संकेतस्थळाने तुमच्याच यंत्रावर ठेवलेल्या छोट्या नोंदीत, असते. कुकी पुसा, इन्कॉग्निटो खिडकी उघडा, दुसरा ब्राउझर घ्या, की तुम्ही पुन्हा नवे मतदार. मग आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर तुमच्या जोडणीला मिळालेला क्रमांक, का अडवत नाहीत? कारण मोबाइल कंपन्या एकच पत्ता शेकडो-हजारो ग्राहकांत वाटतात. तो अडवला तर एकाच्या लबाडीपायी बाकीचे बाहेर राहतात. ओटीपी मागितला तर मतांचा ओघ आटतो, आणि मला विचाराल तर हा खेळ मांडलेलाच असतो त्या ओघासाठी. कुकीला हात न लावताही काम होतंच: कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटांत दुव्यासोबत 'सगळ्यांनी होय दाबा' एवढं धाडलं की पुरतं.

२००९ साली 'टाइम' या अमेरिकी साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर सर्वांत प्रभावशाली व्यक्तींसाठी मतदान झालं. मत म्हणजे एक साधा वेबपत्ता होता. त्यात उमेदवार आणि गुण भरून पान न उघडताही मत पाठवता येत होतं. फोरचॅन या संकेतस्थळावरच्या मंडळींनी त्यासाठी प्रोग्राम लिहिले आणि आपला संस्थापक पहिला आणला. तेवढ्यावर भागलं नाही, म्हणून पहिल्या २१ नावांची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून 'मार्बलकेक ऑल्सो द गेम' असं वाक्यही वाचता येईल अशी क्रमवारी लावली! आणि 'टाइम'ने तो निकाल जाहीर केला.

असा घोळ पकडायला संपादकांना फार तंत्र लागत नाही. दर दहा मिनिटांची मतं आणि तेवढ्याच वेळात ते पान किती वेळा उघडलं गेलं, हे दोन आकडे शेजारी मांडायचे. दिवसभर शंभर वाचनांमागे चार मतं पडत असतील आणि रात्री दोन वाजता अचानक साठ पडू लागली, तर कुठल्या तरी गटात दुवा फिरलाय. मतं वाचनांहून जास्त भरली, तर पान न उघडताच मतं येताहेत. तुम्हाआम्हाला यातलं काही दिसत नाही. टक्क्यांखाली एकूण मतं छापली आहेत का, एवढं बघता येतं. बऱ्याचदा तीही नसतात.