कितीपैकी सात?

(कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात तरुण वार्ताहरांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

तुमच्यापैकी बरेच जण गावातली कामं सांभाळून बातम्या पाठवता. कुणी दूध डेअरीत आहे, कुणी शिकवणी घेतं. म्हणून मोठ्या सिद्धांतांत न शिरता मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात मी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. वाटेत मराठी प्राथमिक शाळा लागली, म्हणून डोकावलो. सात मुलं बसलेली, बाकी वर्ग मोकळा. मी फोटो काढला, दोन पालकांशी बोललो आणि संध्याकाळी बातमी पाठवली: सीमाभागातल्या मराठी शाळा ओस पडताहेत. ती पहिल्या पानावर लागली. लोक हळहळले, दोन सभांत तिचा उल्लेखही झाला. आठवड्यानं त्या शाळेच्या गुरुजींचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाले, "शेजारच्या गावात लक्ष्मी यात्रा होती ओ. पोरं मामाकडं गेली होती. हजेरीपट तरी बघायचा होता की."

पटावर २९ मुलं होती.

मी मोजलेली सात मुलं खरी होती, पालकांचं बोलणं खरं होतं, फोटोही खरा होता. खोटं होतं ते मी न विचारलेलं: कितीपैकी सात, आणि कुठल्या दिवशी?

मी पुन्हा त्या शाळेत गेलो. गुरुजींनी चहा दिला आणि वर्षभराचे हजेरीपट समोर ठेवले. ते चाळताना लक्षात आलं की २९ हा आकडाही पुरतं सांगत नव्हता. दिवाळीनंतरचे काही महिने ठरावीक सात-आठ नावांपुढे सलग गैरहजेरी होती. ती मुलं आईवडिलांबरोबर गोव्याला जात होती. आपल्याकडचं कोण कामासाठी गोव्याला जात नाही? शाळांची देशभरची आकडेवारी वर्षानुवर्षं ३० सप्टेंबर या एका तारखेच्या पटावरून भरली गेली. त्या तारखेला ही मुलं गावातच असायची. पुढं त्यांचं काय होतं, हे मला एका आईनं सांगितलं. थोरली मुलगी बांधकामाच्या जागी धाकट्याला सांभाळते आणि परत आल्यावर वर्गात मागं बसते, कारण मधले धडे तिला ठाऊकच नसतात. खरी बातमी ही होती. पट, हजेरी आणि त्या आईचं बोलणं शेजारी ठेवल्यावर ती दिसली. यातलं एकही गाळलं असतं तर मी दुसऱ्यांदा चुकलो असतो.

एका माणसाची गोष्ट आपल्याला इतकी का ओढते? डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांचा एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. लोकांच्या हातात ५ डॉलर दिले आणि त्यातून मदत मागितली. मालीमधल्या रोकिया नावाच्या मुलीची गोष्ट वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. आफ्रिकेतल्या लाखो भुकेलेल्यांची आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४ दिले. आणि गोष्ट व आकडे दोन्ही वाचलेल्यांनी? १.४३. म्हणजे गोष्टीला आकडा जोडला की हात आखडतो. हा प्रयोग न वाचताही प्रत्येक वार्ताहराला हे कळत असतं, म्हणूनच आपण आकडा गाळतो. माझं म्हणणं असं आहे की हात आखडला तरी आकडा द्या. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणायला आपण त्याच्या दारी जात नाही.

आता मेळाव्यांकडे येतो, कारण आपल्या भागात ते फार. १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे मराठी भाषकांचा काळा दिन असतो, दुसरीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव. दोन्हीकडचे संयोजक हजारांच्या खाली बोलत नाहीत आणि आपण 'अलोट गर्दी' लिहून मोकळे होतो. कॅलिफोर्नियात बर्कलीला पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्ज यांनी १९६०च्या दशकात गर्दी मोजण्याची एक साधी रीत घालून दिली. विद्यापीठाच्या चौकात जमिनीवर चौकोन आखलेले होते, ते मोजून त्यांनी हिशेब बसवला. सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत ४.५, खेटून उभ्या गर्दीत २.५. समजा मैदान २०० फूट लांब आणि १५० फूट रुंद आहे, म्हणजे ३०,००० चौरस फूट. सैल गर्दी असेल तर ३,००० माणसं, दाट असेल तर साधारण ६,७००, खेटून उभी असतील तर १२,०००. त्या मैदानात पन्नास हजार मावत नाहीत, सभा आपली असो की त्यांची. सीमाप्रश्नावर माझा जीव आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, आपल्याच सभेचा आकडा आपण फुगवला तर उद्या आपल्या खऱ्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

खेडे घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. सीमा कशी आखावी याची ही चार तत्त्वं इथल्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ असतात. त्यातलं पहिलं तत्त्व बघा. मोजायचं कशाला धरून, याचाच तो वाद आहे. खेडं धरलं तर एक उत्तर, तालुका धरला तर दुसरं, जिल्हा धरला तर तिसरं. पावसाचंही तसंच. कणकुंबीचा धो धो पाऊस आणि अथणीचं कोरडं रान एकाच जिल्ह्यात मोडतं, आणि जिल्ह्याची सरासरी दोघांनाही लागू पडत नाही. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्र २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, इतकी वर्षं आपण 'घटक' या एका शब्दाशी झगडतो आहोत. आणि तरी बातमी लिहिताना 'बेळगाव जिल्ह्यात' असं लिहून पुढं जातो.

भाषेच्या टक्क्याला इथं वजन आहे. भाषिक अल्पसंख्य १५ टक्के असतील तिथं सरकारी परिपत्रकं त्यांच्या भाषेत मिळावीत, ही मागणी त्याच टक्क्यावर उभी आहे. पण टक्का आणायचा कुठून? २०२१ची जनगणना झालीच नाही. म्हणजे 'आज इतके टक्के मराठी' असं जे छापून येतं, ते २०११चं असतं. वर्ष लिहा. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता दहावीच्या आसपास आहेत.

जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती. रकान्यात एकच नाव बसतं. माझ्या ओळखीच्या एका घरात आजी मराठी बोलते, सून कन्नड माहेरची, आणि नातू दोघींशी दोन भाषांत भांडतो. तिथं आकडा अपुरा पडतो आणि गोष्ट कामाला येते. २०२७च्या जनगणनेचा मोजणीदार येऊन गेला की अशा घरी जा. आजीला विचारा, तुमचं उत्तर तुम्ही दिलंत की आणखी कुणी? सुनेलाही विचारा. आणि अशी किती घरं पाहिलीत, त्यांपैकी किती घरांत उत्तर दुसऱ्यानंच दिलं होतं, ते पहिल्या परिच्छेदात येऊ द्या.