उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी

[दृश्य: पहाटेचं धुकं, मागे राजहंसगड. मसुराचं शिवार.]

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात भाताची सुगी आटोपली की जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर मसूर पेरतात. पेरणी झाली आणि छोटा ट्रॅक्टर घरी आला. त्याला दोन महिने होऊन गेले. मसुराला फुलं लागलीत, आणि इथं पडवीत बॉनेटवर कोंबडी बसलीय.

[चावी फिरते. कट... कट... निवेदन थांबवा, आवाज ऐकू द्या.]

"बॅटरी बसल्या बघ," आबा म्हणतात. नात तोवर पाना घेऊन आलेली.

[बॉनेटखाली कॅमेरा. टर्मिनल अगदी जवळून.]

हे पांढरं-हिरवट फुललंय ते पाहा. झाकणातून झिरपलेलं ॲसिड आणि धातू यांचा हा उद्योग. नात आधी काळी वायर सोडवते, निगेटिव्हची, मग लाल. उलटं केलं आणि पाना लाल टर्मिनलवरून लोखंडाला टेकला, तर ठिणगी उडते. खायच्या सोड्याचं पाणी ओतलं की फेस येतो. बुचं मात्र आधी घट्ट लावलेली हवीत. सोडा आत गेला तर ॲसिडच मारतो.

[मल्टिमीटरचा आकडा: 11.9]

भरलेली बॅटरी निवांत असताना 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी. 11.9 म्हणजे जवळजवळ रिकामी.

पण ट्रॅक्टर तर उभाच होता, मग वीज गेली कुठं? थोडी त्या गाण्यांच्या डेकनं खाल्ली. बंद असला तरी तो थेंबथेंब ओढतोच. बाकीची बॅटरी स्वतःच उतरते, न वापरता.

[वर्कशॉपमध्ये कापून उघडलेली जुनी बॅटरी. शिशाच्या पट्ट्या.]

1859 साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाम्लात बुडवले. आपल्या ट्रॅक्टरमध्ये आहे ती त्याच घराण्यातली. सहा खण, प्रत्येकात दोन व्होल्टच्या थोडं वर. वीज उतरते तशी पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटची साय धरते. लगेच चार्ज केलं तर ती विरघळते. आठवडेच्या आठवडे तशीच राहिली तर तिचे खडे होतात, आणि मग चार्जरचंही काही चालत नाही. या पट्टीवरचा हा राखाडी थर तोच.

बर्फाच्या मुलखात उतरलेली बॅटरी गोठून फुटते. बेळगावात ती भीती नाही. आपलं दुखणं पत्र्याच्या शेडमधली दुपार. दर दहा अंश उष्णता वाढली की बॅटरी साधारण दुप्पट वेगानं उतरते. म्हणजे थंडीत जी सवय लावायची, ती खरी उपयोगी पडते मार्च-एप्रिलमध्ये.

असे दोन-तीन हंगाम गेले की नवी बॅटरी आणि काही हजारांचा फटका.

[आबा बॅटरी उचलून फळीवर ठेवतात.]

"फरशीवर नको, ओढून घेते," असं आबा म्हणतात. जुन्या काळच्या खोक्यांना ते लागू असेल. आताच्या प्लॅस्टिकला फरशी काही करत नाही. पण आबांना कोण सांगणार? फळीवर तर फळीवर.

रोज पाच मिनिटं इंजिन चालवायचं, हा गावातला आवडता उपाय. स्टार्टर जेवढं खातो तेवढंही पाच मिनिटांत धड परत येत नाही. त्यापेक्षा काळी वायर काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जर लावा. भरल्यावर आपोआप थांबणारा मिळाला तर उत्तमच. 50 अँपिअर-तासांच्या बॅटरीला पाचेक अँपिअर, रात्रभर. जागा मोकळ्या हवेची, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. बिडी अंगणाच्या पलीकडे.

[चार्जरचा लाल दिवा. इथून थेट सकाळ.]

रात्री कॅमेरा झोपला होता, चार्जर नाही. सकाळी नात खणांत डोकावते आणि डिस्टिल वॉटर घालते, खुणेपर्यंतच. पट्ट्या उघड्या पडल्या असत्या तर त्या बुडतील एवढं पाणी आधीच घालावं लागलं असतं. आता लाल वायर आधी, काळी शेवटी, वर पेट्रोलियम जेलीचं बोट.

[चावी. इंजिन. कोंबडी उडते.]

वळवाचा पाऊस पडून नांगरट येईपर्यंत याला काम नाही. नात इंजिन बंद करते, काळी वायर पुन्हा सोडवते आणि पडवीच्या भिंतीवर कोळशानं पुढच्या महिन्याची तारीख लिहिते.