जोसासाठी दाखला काढताय? आधी तारीख बघा!

नमस्कार मंडळी, लातूरहून बोलतोय. जेईई ॲडव्हान्स, म्हणजे आयआयटीच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की कमेंटमध्ये दाखल्याचेच प्रश्न येतात, म्हणून हा व्हिडिओ. आयआयटी-एनआयटीचे प्रवेश जोसाकडून होतात. रजिस्ट्रेशन, पसंतीक्रम, सीट लागली की फ्रीझ, फ्लोट, स्लाइड, म्हणजे तीच पक्की करायची की पुढच्या फेरीत चांगलीची वाट बघायची. हे क्लासवाल्यांनी सांगितलंय, त्यात वेळ घालवत नाही.

एका ताईंनी लिहिलंय, "सर, पोराचं नॉन क्रीमी लेअर अजून दोन वर्षं चालतंय, मग नवीन कशाला?" नॉन क्रीमी लेअर म्हणजे घर ओबीसीतल्या वरच्या, सधन थरात नाही याचा दाखला. ताई, तो चालतोय कॅप राउंडला, म्हणजे राज्याच्या प्रवेशफेऱ्यांना. जोसाला ओबीसी असो की ईडब्ल्यूएस (खुल्या गटातले आर्थिक दुर्बल), दाखला त्याच वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेला लागतो. मुदत किती उरलीय हे तिथं कुणी बघत नाही, कधी काढला ते बघतात.

औसा तालुक्यातल्या एका लेकराचं सांगतो. रँक चांगली, सीट लागली, कागद अपलोड केले आणि क्वेरी आली: दाखला मार्चमधला. ऐन पेरणीत बापानं तिफण सोडून सेतू गाठला. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, टीसी, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला. सर्व्हर बंद, साहेब मीटिंगला. क्वेरीचं उत्तर मुदतीत गेलं नाही तर सीट जाते, आणि ती मुदत तहसीलसाठी थांबत नाही. दाखला शेवटच्या दिवशी संध्याकाळी हातात पडला. त्या घरात दिवसभर कुणी जेवलं नव्हतं. दोन वर्षं अभ्यास केलेल्या पोरावर ही वेळ का यावी? मला याचा खरंच राग येतो.

आता तारीख बरोबर, पण नमुना राज्याचा, तरी अडतं. केंद्राचा नमुना वेगळा आहे. सेतूत नुसतं "नॉन क्रीमी लेअर पाहिजे" म्हणालात तर राज्याचंच हातात येईल. "केंद्राचं पाहिजे" असं सांगा, आणि अर्ज भरून झाला की पोचपावतीवर परत तपासा.

मराठा समाजातल्या पोरांनी नीट ऐका. राज्यात 2024 पासून तुम्हाला एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) 10 टक्के आरक्षण आहे, पण केंद्रात तो प्रवर्गच नाही. म्हणजे एकच पोरगं राज्याच्या सीईटी परीक्षेला एसईबीसी आणि जोसाला ईडब्ल्यूएस नाहीतर ओपन. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, आणि कुटुंबाची शेती 5 एकरांच्या आत. आई-वडिलांच्या नावची जमीन एकत्र धरतात, दुसऱ्या गावची असली तरी. बीडकडच्या कोरडवाहू 6 एकरात घरखर्च निघत नाही, तरी ते लेकरू बाहेर. बागायत काय न् बरड काय, नियमाला सगळे एकर सारखेच. हा नियम बदलायलाच पाहिजे, हे मी परत परत बोलणार.

कुणीतरी विचारलंय, "व्हॅलिडिटी नाही, मग जोसा भरू का?" भरा. व्हॅलिडिटी म्हणजे जातवैधता, समितीनं जातीचा दाखला तपासून दिलेलं प्रमाणपत्र. ती राज्याच्या प्रवेशाला लागते, जोसा जातीच्या दाखल्यावर चालतं.

आणि हो, 1 एप्रिल उजाडला की त्याच आठवड्यात सेतूत जा. जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते. जोसाच्या वेबसाइटवरच्या नमुन्याची प्रिंट काढून वडिलांच्या हातात द्या. मोबाईलवरचा फोटो खिडकीतून आत कुणी बघत नाही.